गाडी पाहून राहिलो

"समजा, हे नाही," अंकुर म्हणाला आणि त्यानं गाडीच्या स्टिअरिंगशेजारच्या टीव्हीसारख्या पडद्यावर पंजा ठेवला. मग पंजा उचलून दाराच्या बटणांवर ठेवला. "समजा, हे पण नाही. मागच्या काचा हातानं फिरवायच्या. मागचा कॅमेरा नाही. सीटचं कापड साधं. बाकी गाडी हीच, काकाजी. इंजिन हेच, पत्रा हाच. फक्त हे सगळं नाही, असं समजा." अंकुर पांढुर्ण्याच्या शोरूममध्ये गाड्या विकतो. पस्तिशीचा आहे, दोन मुलींचा बाप आहे, आणि माझ्यापायी त्याचे केस पिकून राहिले असं तो स्वतःच सांगतो. मी स्टिअरिंग धरून डोळे मिटले आणि समजू लागलो. पडदा नाही. बटणं नाहीत. कॅमेरा नाही. आणि एकदम छातीत असं काही झालं की मला दाराची कडी सापडेना. माझी बायको छाया गेली त्याला अकरा महिने झाले. अकरा महिने मी घरात हेच करतो, फक्त उलटं करतो. समजा, ती आत आहे. समजा, वाळवण काढायला गच्चीवर गेली आहे. आणि हा माणूस भर दुपारी मला एसीत बसवून सांगत होता की समोर आहे ते नाही असं समजा. दार शेवटी त्यानंच बाहेरून उघडलं. "काय झालं, काकाजी? घाबरल्यासारखं होऊन राहिलं काय?" "गरम होऊन राहिलं," मी म्हणालो. "एसी तर वीसवर आहे." "मग थंडी वाजून राहिली. उतरू दे न, बाप्पा!"

मी संत्र्याचा व्यापारी आहे. बगीचे घेतो. माल झाडावर असतानाच शेतकऱ्याशी सौदा करायचा, पुढची तोडणी आपली, गाडीभाडं आपलं, गारपीट झाली तर तीही आपली. बांधावरून एक चक्कर मारायची, दहा-पंधरा झाडांखाली उभं राहून वर पाहायचं, एखादं फळ दाबायचं आणि आकडा सांगायचा. चाळीस वर्षं हेच केलं. दोन हजार झाडांचा बगीचा मी एका चहात घेतला आहे. चुकलोही आहे, आणि चुकलो त्या रात्रीही नीट झोपलो आहे. गुणवंताभाऊ बोलला म्हणजे बोलला, असं मंडीत म्हणतात. त्या गुणवंताला दोन वर्षं झाली, दोन गाड्यांतून एक काढता येत नाही. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच छताखाली उभ्या. एक चांगली गाडी. पत्रा जाड, दार लावलं की धान्याच्या कोठीचं झाकण पडावं तसा आवाज येतो, रस्त्यावर बसून चालते. पण माझ्या ऐपतीत तिचं फक्त खालचं मॉडेल बसतं, ज्यात काहीच नाही. दुसरी तिच्याहून हलकी गाडी, दार लावलं की रॉकेलचा पिपा वाजतो. पण तीत सगळं आहे. चारी बाजूंनी कॅमेरे, सीटमधून गार हवा, बोललेलं ऐकणारा पडदा, आणि टपावर काचेची खिडकी. पांढुर्ण्यात, जिथं मे महिन्यात माणूस ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन फिरतो, तिथं डोक्यावर काच! आणि लोक तीच मागतात. वर ही कटकट की चांगल्या गाडीचं खालचं मॉडेल शोरूममध्ये ठेवतच नाहीत. कोणी घेत नाही म्हणून ठेवत नाहीत, आणि ठेवत नाहीत म्हणून कोणी घेत नाही. दाखवायला वरचं मॉडेल, आणि तुम्ही हात ठेवून ठेवून वजा करायचं. मी न पाहिलेला बगीचा आयुष्यात घेतला नाही. न पाहिलेली गाडी कशी घेऊ?

बगीचा चुकला तर एक हंगाम जातो. गाडी चुकली तर ती रोज सकाळी दारात उभी असते आणि येणारा-जाणारा तिला पाहून तुम्हाला चार शब्द सांगतो. सांगणाऱ्यांना तर मी हात जोडले. मुलगा रोहित पुण्यात असतो. तो फोनवर म्हणतो, "बाबा, सामान नंतर लावता येतं, पत्रा नंतर लावता येत नाही. चांगली गाडी घ्या, साधी घ्या." बरोबर बोलतो. शेजारचे सुधाकर मास्तर म्हणतात, "गुणवंताभाऊ, तुमची मान तरी फिरते काय आता मागं? कॅमेरा घ्या. एकसष्टाव्या वर्षी पत्रा चाटता काय?" तेही बरोबर बोलतात. दोघं बरोबर बोलतात ह्याचाच मला संताप येतो. दोघांतला एक मूर्ख असता तर माझं काम झालं असतं. छायाला विचारलं तर ती काहीच सांगत नसे. साड्यांच्या दुकानात ती चाळीस साड्या उलगडायला लावायची आणि पहिलीच घ्यायची. दुकानदारासमोर मी तिच्यावर कितीदा तरी चिडलो आहे. पण गाडीच्या बाबतीत तिचं एकच, "जी घ्यायची ती घ्या, पण घ्या." आजारी पडल्यावर हे वाक्य ती जास्त हळू म्हणू लागली, म्हणून मला वाटलं की तिला घाई नाही.

चौदा महिने आम्ही नागपूरला जात होतो. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध. जाताना ती ठीक असायची, बाहेर पाहायची, कोणत्या शेतात कापूस वेचायचा राहिला ते सांगायची. येताना औषधानं तिला मळमळायचं. गाडी भाड्याची, गजेंद्र नावाच्या माणसाची. गजेंद्र चांगला माणूस, पण त्याला पांढुर्ण्याला परत येऊन दुसरं भाडं असायचं, आणि हे छायाला माहीत होतं. ती पिशवी तोंडाशी धरून बसायची, ओकायची, पिशवीला गाठ मारायची, दुसरी पिशवी काढायची. पण थांबा म्हणायची नाही. मी म्हणायचो, "थांबवू काय?" ती मान हलवायची. एकदा सावनेरच्या पुढं मी गजेंद्रला थांबवलंच. ती उतरली, रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसली, आणि पंधरा मिनिटं नुसती बसून राहिली. ओकारी आली नाही. वारा होता. तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "आपली गाडी असती तं इथं थोडं अजून बसलो असतो." एवढंच. तक्रार नव्हती ती. गजेंद्रनं हॉर्नही दिला नव्हता. तो फक्त गाडीला टेकून घड्याळ पाहत होता. त्या दिवशी घरी आल्यावर मी पुन्हा दोन्ही गाड्यांचे कागद काढून बसलो. शपथेवर सांगतो, मला वाटत होतं मी तिच्यासाठीच बसलो आहे. चूक नको व्हायला. तिच्या पाठीला कोणती सीट बरी, मागं पाय कुठं लांब होतात. मी शोधत राहिलो. मार्चमध्ये ती गेली, आणि गेली तीसुद्धा गजेंद्रच्या गाडीतून परत येताना नाही, घरी, आपल्या पलंगावर, चांगल्या उजेडात. म्हणून मला कोणाला दोष देता येत नाही. गजेंद्रलाही नाही.

आता गाडी मुलीसाठी हवी. भाग्यश्री सौंसरला दिली आहे, दोन वर्षांपूर्वी. जावई कुलदीप कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, व्याही रामाजी यांची शेती लोधीखेड्याकडे. भाग्यश्रीचं पहिलं बाळंतपण आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ह्यात विचारायचं काही नसतं. आई नाही म्हणून मी माझ्या बहिणीला, शांताबाईला, बाळंतपणाला यायचं आधीच सांगून ठेवलं. तिनं डिंकसुद्धा आणून ठेवला. पण दिवाळीनंतर रामाजी घरी आले, चहा घेतला, आणि बशी खाली ठेवता ठेवता म्हणाले, "भाऊ, पोरीले न्याल तं न्याल, पण कशात न्याल? स्कूटरवर? वेळ आली तं नागपूरले कोण पळवन? दारात गाडी पाहिजे न." बस. माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन. मी म्हणालो, "गाडी येऊन राहिली." त्याच दिवशी अंकुरकडं गेलो. लेकीला सातव्या महिन्यात आणतात. आठव्यात आणत नाहीत, प्रवास वाईट समजतात. मग एकदम नवव्यात. सातवा महिना माझ्या हातातून असा गेला की एक दिवस शांताबाईनं बोटं मोजून सांगितलं, "दादा, आठवा लागला," तेव्हा मी हलक्या गाडीच्या डिकीत सुटकेस मावते की नाही ते टेपनं मोजून आलो होतो. आता नववा लागायला नऊ दिवस राहिलेत. मृग बहाराचा माल निघण्याचे दिवस, मंडीत मला उभं राहायला फुरसत नाही, आणि मी रोज शोरूममध्ये. अंकुरची चहावाली मला न विचारता बिनसाखरेचा देते.

त्या दुपारी, गाडीतून उतरल्यावर, मी शोरूमबाहेर तोंड धुतलं आणि ठरवलं की आता भाग्यश्रीनंच सांगावं. बसायचं तिला आहे. चांगल्या गाडीचं खालचं मॉडेल तर दाखवता येत नाही. निदान हलक्या गाडीत तिनं बसून पाहावं, पोट घेऊन चढता-उतरता येतं की नाही ते कळेल. अंकुरला म्हणालो, "चाल सौंसरले." तो म्हणाला, "काकाजी, ट्रायल पाच किलोमीटरची असते." मी म्हणालो, "मी दोन वर्षांचा गिऱ्हाईक आहे." त्यानं आत जाऊन साहेबांना विचारलं, आणि साहेब काचेतून माझ्याकडं पाहून हसले ते मला दिसलं. गाडी अंकुरनं चालवली. वाटेत तो मला पडदा, गार सीट, पावसात आपोआप चालणारे वायपर, सगळं दाखवत होता. मी खिडकीतून झाडं पाहत होतो. एका बगिच्यात आंब्या बहाराची, म्हणजे दिवाळीच्या मालाची, फुलं दिसली. मी त्याला म्हणालो, हा माल चांगला लागेल. त्यानं विचारलं, चालत्या गाडीतून कसं कळलं? मी म्हणालो, दिसते. आणि लगेच स्वतःचा राग आला. ऐंशीच्या वेगात मला पाचशे झाडं कळतात.

रामाजी ओट्यावरच होते. गाडी पाहून उठले. "या भाऊ! घेतली?" "पाहून राहिलो." "अजून पाहूनच राहिले?" त्यांनी आत वळून आवाज दिला, "अवं पुष्पा, व्याही आले! गाडी घेऊन आले, पण घेतली नाही म्हणते!" आत विहीणबाई हसल्या. भाग्यश्री बाहेर आली. भिंतीला हात धरून पायरी उतरली. चेहरा भरला होता, पाय सुजले होते, चपलेचा पट्टा तिनं सोडून ठेवला होता. छाया हिच्या वेळी अशीच चालायची, हे मला आठवलं नाही; म्हणजे आठवायला हवं होतं आणि आठवलं नाही. तेव्हा मी अमरावतीकडं बगिच्यांवर होतो. अंकुरनं दार उघडून धरलं आणि सुरू झाला, "ताई, ही सीट गार होते, हे पहा, वरची काच बोलल्यावर उघडते..." भाग्यश्री बसली, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, तुम्ही चहा घ्या न ओट्यावर. मामंजी वाट पाहून राहिले." अंकुर गेला. मी दुसऱ्या बाजूनं जाऊन बसलो. दारं लागली. बाहेर रामाजी अंकुरला काही तरी विचारत हात हलवत होते, पण आवाज आत येत नव्हता.

"चढायले जड गेलं काय?" मी विचारलं. "नाही." "पाय लांब होतात?" "होतात." "मग दुसरी गाडी ह्याहून चांगली आहे, पण तिच्यात हे काही नाही. अन् ती इथं दाखवता येत नाही. तू सांग. नऊ दिवसांत तुले न्यायचं आहे." ती पडद्याकडं पाहत होती. पडद्यावर मागच्या कॅमेऱ्यात रामाजींच्या घरची म्हैस दिसत होती. "बाबा, एक सांगू? रागावाल तुम्ही." "सांग." "मामंजींले गाडीचं मीच म्हणायले लावलं होतं." मला नीट कळलं नाही. ती म्हणाली, "ते तं नाहीच म्हणत होते. म्हणे, व्याह्याच्या घरी जाऊन असं बोलणं बरं दिसत नाही. मीच म्हटलं, असंच सांगा." "काहून?" तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हटलं, बाबा गाडी पाहायले लागले म्हणजे वर्ष जाते. तेवढ्यात माझं आटपून जाईन."

मला आधी इतका संताप आला की मी दाराच्या कडीला हात घातला. चार महिने! चार महिने मी त्या माणसाला मनात काय काय बोललो होतो. शांताबाई डिंक घेऊन बसली आहे. मी सुटकेस मोजत होतो. आणि माझी पोरगी इथं सौंसरला बसून माझ्या स्वभावावर भरवसा ठेवून निवांत होती. बगिच्याचा शेतकरी व्यापाऱ्याची गरज ओळखतो ना, तसं तिनं मला ओळखलं होतं. आणि ओळखलेलं खरं निघालं होतं. "यायचं नव्हतं तं सरळ सांगायचं होतं," मी म्हणालो. "मी काय ओढत नेलं असतं?" "तुम्ही रडले असते." "मी? मी रडत नाही." "म्हणूनच," ती म्हणाली.

गाडी सुरूच होती, गार हवा येत होती, तिनं तोंड त्या जाळीजवळ नेलं. "दिवाळीत मी चार दिवस होती न घरी," ती म्हणाली. "सकाळी मी आतल्या खोलीत झोपली होती. तुम्ही स्वयंपाकघरात कागद पसरून बसले होते. आईशी बोलत होते." "मी मनातल्या मनात..." "मनात नाही, बाबा. मोठ्यानं. इचे एवढे, तिचे तेवढे, हिची सीट अशी. अन् मधी मधी थांबत होते." "थांबत होतो?" "तिचं ऐकून घ्यायले. मग 'हो, पण' म्हणून पुन्हा सुरू." मी काचेतून बाहेर पाहिलं. रामाजी अंकुरच्या कपात अजून चहा ओतत होते. मला सगळं आठवत होतं, ते कागद, ती सकाळ, सूर्य कुठं आला होता ते; फक्त आवाज आठवत नव्हता. तो बाहेर पडत होता, हे मला माहीत नव्हतं. "मी काय पागल झालो?" मी म्हणालो. "पागल झाले असते तं बरं होतं, दवाखान्यात नेलं असतं." ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. "मले तिथं लेकरू घेऊन नाही राहवत, बाबा. तुम्ही तिच्याशी बोलणार, अन् मी आतून ऐकणार. मले बी वाटते मंग, की आई आहे. सकाळी उठून मी स्वयंपाकघरात पाहायले गेली होती, माहीत आहे? खरंच पाहायले गेली होती. मंग चार दिवस पोटातलं हललं नाही असं मले वाटत होतं. डॉक्टर म्हणे, हलून राहिलं, तुम्हालेच कळून नाही राहिलं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला हवा होता. सीटच्या मध्ये ती कप ठेवायची पेटी आहे, तिच्यावरून हात नीट जात नाही, हेच माझ्या मनात आलं, आणि हेही, की चांगल्या गाडीच्या खालच्या मॉडेलमध्ये ती पेटी नाही. इतका मी वाया गेलो होतो. दोन वर्षं मी निवडत होतो आणि त्या दोन वर्षांत छाया दगडावर बसून उठली, आजार वाढला, गेली, पोरीला दिवस गेले, सातवा गेला, आठवाही निघाला. माझं निवडणं संपलं नाही. संपलं असतं तर छायाशी बोलायला काय उरलं असतं? हे मला त्या गाडीत बसून कळलं, आणि कळून काही बरं वाटलं नाही. कोणी तरी आपल्याच खिशातली वस्तू आपल्याला काढून दाखवावी तसा राग आला. मी पेटीवरून हात घातलाच. कोपर अडकलं. तिच्या डोक्यापर्यंत बोटं तेवढी पोचली.

मी उतरलो. अंकुर कप हातात घेऊन धावत आला. "काय म्हणते ताई, काकाजी?" "चांगल्या गाडीचं खालचं मॉडेल कधी भेटन?" "ते... ऑर्डर लावा लागते. साडेतीन महिने धरा." "अन् ही?" "ही काय, परवा." "ही दे." अंकुरनं कप तोंडाशी नेलेला तसाच धरला. ओट्यावरून रामाजी उठून आले. "भाऊ, असं काय करता? पाहून घ्या न एकडाव. चांगली ती दुसरी आहे म्हणे." "पत्रा पातळ आहे हिचा," मी म्हणालो, "मले माहीत आहे." "मग?" "मग काही नाही. नेणार नाही मी पोरीले. इथंच होऊ द्या तिचं." रामाजींनी भाग्यश्रीकडं पाहिलं, तिनं खाली पाहिलं, आणि रामाजींनी एकदम माझा दंड धरला. मला त्या माणसाचा राग करायची सवय झाली होती. तो दंड सोडवून घ्यावासा वाटला, पण घेतला नाही.

अंकुरनं कप ओट्यावर ठेवला, शर्टला हात पुसले आणि खिशातून फोन काढला. त्याला भीती वाटत असावी की मी परत विचार करेन. "काकाजी, मी आत्ताच लावून टाकतो. रंग सांगा फक्त. पांढरी तयार आहे, राखाडी तयार आहे. लाल पाहिजे तं चार दिवस जास्त." माझं तोंड उघडलं. राखाडीवर धूळ दिसत नाही, पण रस्त्यावर राखाडी गाडी समोरच्याला उशिरा दिसते. पांढरी दिसते, पण पांढुर्ण्याची काळी माती, आणि उन्हात पांढरी थंड राहते, आणि लाल...

"पांढरी नको," भाग्यश्री गाडीतूनच म्हणाली. तिनं एक पाय बाहेर काढला होता आणि उतरायला कोणाचा तरी हात शोधत होती. "पांढरी रोज पुसा लागन."

"रोज काहून?" मी म्हणालो आणि तिला हात दिला. "ती काय रोज चालणार आहे?"

"मग?" ती म्हणाली. हात धरून ती उभी राहिली, पण हात सोडला नाही. "रोज याल न इथं."